ओ-टूने माझा कोड फोडला म्हणे!

"ऑप्टिमायझेशन चालू केलं की आपला कोड फुटतो यार. कंपायलरमध्ये बग आहे."

हे वाक्य तुम्ही कधीच ऐकलं नसेल तर तुम्ही एकतर फार नशीबवान आहात, नाहीतर सी आणि सी++ पासून सुरक्षित अंतरावर नोकरी करता. मी ते इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने "ऑप्टि.." म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करतो. बोलणाऱ्याचा चेहराही ठरलेला असतो. म्हणजे मी माझं काम चोख केलंय, आता त्या जीसीसीवाल्यांनी माती खाल्ली त्याला मी काय करणार? मग मेकफाइल उघडायची, ओ-टू खोडायचं, ओ-झीरो लिहायचं, कमिट मारायचं आणि चहाला जायचं.

या शनिवारी याच सवयीवर तोंडसुख घ्यायचं ठरवलंय. इनलाइन असेंब्ली असलेल्या कोडबद्दल अशी तक्रार आली आणि मी खोदून पाहिलं, तर जवळपास प्रत्येक वेळी कंपायलरने आपलं काम इमानदारीत केलेलं निघालं. खोटं बोललेला असतो आपला माणूस. "खोटं" हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. का ते कळायला थोडं आत शिरावं लागेल. (जावा-पायथनवाले मित्रहो, पळू नका. तुमचाही नंबर लागणार आहे.)

तर आधी थोडी फुकटची शिकवणी. आपल्या लॅपटॉपमधल्या ६४ बिटी एक्स८६ प्रोसेसरमध्ये नेहमीच्या कामाची रजिस्टर्स १६. त्यातलं आरएसपी स्टॅकसाठी राखीव, म्हणजे हातात उरली १५. (नव्या प्रोसेसरमध्ये ही संख्या वाढवायचं चाललंय, पण तुमचा कोड अजून १६ वरच चालतोय.) तुमच्या फंक्शनमध्ये व्हेरिएबल्स असतात चाळीस, आणि मधल्या हिशोबांसाठी कंपायलर स्वतः आणखी शंभर तयार करतो. एवढ्या लोकांना पंधरा जागांवर बसवायचं कसं? १९८१ साली आयबीएममध्ये ग्रेगरी चायटिन आणि मंडळींनी हा प्रश्न नकाशा रंगवण्यासारखा मांडला. एकाच वेळी जिवंत असणाऱ्या दोन किमतींमध्ये रेघ ओढायची, रेघेच्या दोन टोकांना एकच रंग द्यायचा नाही, आणि रंग म्हणजे रजिस्टर. रंग पुरले नाहीत तर काही जणांना मेमरीत ढकलायचं. कल्पना साधी, पण सगळा डोलारा उभा आहे तो "एकाच वेळी जिवंत" या तीन शब्दांवर.

हे जिवंत असणं म्हणजे काय ते रेल्वेच्या चार्टवरून पटकन समजतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसमधली एक बर्थ मुंबई ते पुणे एका आजोबांच्या नावावर आहे. पुण्याला आजोबा उतरले की तीच बर्थ पुणे ते कोल्हापूर दुसऱ्या कोणाला देता येते. टीसीला आजोबांच्या तब्येतीशी, गोत्राशी काही घेणं नसतं. कुठे चढले आणि कुठे उतरणार, एवढंच हवं असतं. कंपायलरचंही तेच. ही किंमत कुठे तयार झाली आणि तिला शेवटचं कोणी वाचलं, बस्स. ते काढायला तो कोड खालून वर, उलटा चाळत जातो. पवईच्या आयआयटीतले उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांचं बागेश्री करकरे यांच्याबरोबर लिहिलेलं "डेटा फ्लो अॅनालिसिस" हे २००९ सालचं पुस्तक आहे, त्यात हा सगळा मामला मुळापासून आहे. आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना कंपायलर म्हटलं की ढमढेऱ्यांच्या पुस्तकातला टू-पास असेंबलर तेवढा आठवतो, कारण तो पंधरा मार्कांना यायचा. कोड जनरेशनचा चॅप्टर? तो "ऑप्शनला टाकला" होता. असो.

आता मुख्य गोष्ट. हा चार्ट कंपायलर कुठे लिहून ठेवतो? प्रत्येक मशीन इन्स्ट्रक्शनच्या अंगावरच. एलएलव्हीएममध्ये इन्स्ट्रक्शनमधल्या प्रत्येक रजिस्टरला चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. हे इथे लिहिलं जातंय की वाचलं जातंय. 'किल', म्हणजे हे शेवटचं वाचन, आजोबा उतरले. 'डेड', म्हणजे इथे किंमत लिहिली जातेय खरी पण पुढे कोणी वाचणार नाही, तिकीट काढलं आणि गाडीत कोणी चढलंच नाही.

सगळ्यात महत्त्वाची चिठ्ठी म्हणजे 'इम्प्लिसिट'. भागाकाराचं उदाहरण घ्या. एक्स८६ वर भागाकाराची इन्स्ट्रक्शन लिहिताना तुम्ही फक्त भाजक सांगता. पण प्रोसेसर काय करतो? भाज्य आरडीएक्स आणि आरएएक्स या जोडीतून उचलतो, भागाकार आरएएक्समध्ये टाकतो, बाकी आरडीएक्समध्ये टाकतो, आणि जाता जाता फ्लॅग्सची वाट लावतो. यातलं एक अक्षर त्या ओळीत दिसत नाही! मग कंपायलरला कसं कळणार? एलएलव्हीएमच्या एक्स८६ च्या वर्णनात कोणीतरी बसून हे सगळं लिहून ठेवलंय म्हणून. आरएएक्स, आरडीएक्स छुपेपणाने वाचले जातात, दोन्ही छुपेपणाने लिहिले जातात, फ्लॅग्स बिघडतात. फंक्शन कॉलचं तर आणखी गमतीदार आहे. तिथे एक अख्खा मास्क जोडलेला असतो, प्रत्येक रजिस्टरमागे एक बिट: या कॉलनंतर तू सुखरूप परत येशील की नाही. जीसीसीमध्ये नावं वेगळी, तिथे 'रेग डेड', 'रेग अनयूज्ड' अशा नोट्स असतात आणि 'क्लॉबर' नावाची नोंद असते. क्लॉबर म्हणजे सरळ मराठीत "मी इथे दंगा करणार आहे, तुमचं काही ठेवलं असेल तर उचला".

या चिठ्ठ्यांचा एक नियम मला फार आवडतो. एलएलव्हीएममध्ये किलची चिठ्ठी राहून गेली तरी चालतं. टीसीला कळलंच नाही की आजोबा पुण्याला उतरले, बर्थ कोल्हापूरपर्यंत रिकामी गेली, थोडं नुकसान झालं, संपलं. पण चिठ्ठी खोटी असलेली मुळीच चालत नाही. आजोबा अजून झोपलेत आणि चार्टवर "उतरले" लिहिलंय, तर टीसी दुसऱ्याला त्यांच्या अंगावर बसवणार. माहिती कमी असली तर कोड जरा हळू होतो. खोटी असली तर उत्तर चुकतं, आणि तेही गुपचूप.

आणि कंपायलर लिहिणारे स्वतःवर किती विश्वास ठेवतात? अजिबात नाही. एखाद्या पासने इन्स्ट्रक्शन वरखाली हलवली की जुनी किलची चिठ्ठी खोटी होऊ शकते, म्हणून ती पुसून टाकायची सोय केलेली आहे. वर एक व्हेरिफायर ठेवलाय. ऑप्शन दिला की तो पासमागून पास सगळ्या चिठ्ठ्या तपासतो, आणि कोणी न लिहिलेलं रजिस्टर वाचलं किंवा मेलेलं रजिस्टर पुन्हा वापरलं तर तिथेच बोंब मारतो. जीसीसीवाल्यांनी २००८ च्या ४.३ आवृत्तीत नवीन डेटाफ्लोची यंत्रणा आणली. तेव्हापासून या नोट्स जन्मभर सांभाळत बसण्यापेक्षा लागतील तेव्हा नव्याने काढून घेता येतात. माझं वैयक्तिक मत जीसीसीच्या बाजूने आहे. जे पुन्हा मोजता येतं ते साठवून ठेवलं की शिळं होतंच. आपल्या कोडमधल्या कॉमेंट्स बघा की.

एवढा बंदोबस्त. आणि त्यात आपण येतो, हातात इनलाइन असेंब्ली घेऊन.

इनलाइन असेंब्ली लिहिताना जीसीसी त्या अवतरणचिन्हांमधला मजकूर समजून घेत नाही. तो मजकूर जवळपास जसाच्या तसा असेंबलरकडे जातो. आत तुम्ही भागाकार केलात की सिस्टिम कॉल, जीसीसीला पत्ता नाही. म्हणून तो तुम्हाला विचारतो, बाबा रे, आउटपुट काय, इनपुट काय, आणि आणखी काय काय बिघडवणार आहेस? ही तिसरी यादी म्हणजे क्लॉबर लिस्ट. भागाकाराच्या इन्स्ट्रक्शनबद्दल जे काम कंपायलरच्या माणसाने केलं होतं तेच काम इथे तुमच्याकडे आलंय. फरक इतकाच की तुमच्या चिठ्ठीला व्हेरिफायर नाही. तुम्ही म्हणाल ती पूर्व. यादी रिकामी ठेवणं म्हणजे "माहीत नाही" म्हणणं नव्हे. रिकाम्या यादीचा अर्थ "मी बाकी कशालाही हात लावत नाही" असा लेखी शब्द देणं. म्हणून म्हटलं, खोटं.

एक प्रत्यक्ष पाहिलेला किस्सा सांगतो. कंपनीचं नाव विचारू नका. मीटरची रीडिंग गोळा करून लिहिणारा एक डबा होता, आत ६४ बिटी लिनक्स. कोणीतरी हौसेने सी लायब्ररी टाळून थेट सिस्टिम कॉल करणारं एक छोटं इनलाइन फंक्शन हेडरमध्ये लिहून ठेवलं होतं. आउटपुट आरएएक्स, इनपुट व्यवस्थित, मेमरीचा क्लॉबरसुद्धा होता. नव्हते ते आरसीएक्स आणि आर११. आता सिसकॉल ही इन्स्ट्रक्शन चालली की प्रोसेसर परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये आणि फ्लॅग्स आर११ मध्ये कोंबतो. तिथे आधी कोण बसलं होतं याची विचारपूस करत नाही. हे प्रोसेसरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, गुप्त काही नाही.

डबा डेव्हलपरच्या टेबलावर मस्त चालायचा. रिलीज बिल्डमध्ये मात्र दहा रीडिंगपैकी एकच लिहिलं जायचं. एरर नाही, क्रॅश नाही, लॉगमध्ये शुकशुकाट. झालं होतं असं की ओ-टूमध्ये कंपायलरने लूपचा काउंटर आरसीएक्समध्ये ठेवला होता. का ठेवू नये? त्याला सांगितलंच होतं की ती जागा सुरक्षित आहे. पहिला सिस्टिम कॉल झाला आणि काउंटर एक व्हायच्या ऐवजी एकदम चौदा आकडी झाला. डीबगरमध्ये तो आकडा आणि सिसकॉलच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता शेजारी शेजारी ठेवले की गोष्ट तिथेच संपते. लूपने बघितलं, दहापेक्षा जास्त झाले, चला घरी.

मग ओ-झीरोमध्ये का चालायचं? कारण तिथे प्रत्येक व्हेरिएबल दर ओळीनंतर स्टॅकवर परत ठेवलं जातं, आणि ते छोटं फंक्शन इनलाइन न होता खरोखरचा कॉल म्हणून राहतं. लिनक्सच्या कॉलिंग कन्व्हेन्शनप्रमाणे कुठलाही कॉल आरसीएक्स आणि आर११ बिघडवू शकतो, त्यामुळे कॉल करणारा तिथे काही मौल्यवान ठेवतच नाही. म्हणजे खोटं तसंच होतं, फक्त कोणी त्यावर विसंबून नव्हतं.

टीमचं निदान? "कंपायलर इश्यू." उपाय? त्या एका फाइलपुरतं ऑप्टिमायझेशन बंद. त्याआधी एकाने व्होलाटाइल लावून पाहिलं होतं. व्होलाटाइल म्हणजे आपल्याकडचा अंगारा झालाय, कुठेही लावतात. असेंब्लीवर व्होलाटाइल लिहिल्याने कंपायलर तो तुकडा काढून टाकत नाही एवढंच. रजिस्टरबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. मी दोन शब्दांची दुरुस्ती दाखवली, आरसीएक्स आणि आर११. उत्तर मिळालं, "आता चालतंय ना? कस्टमरला डेट दिलीये, रिस्क नको." तेच हेडर आणखी सात फाइल्समध्ये होतं, ओ-टूसकट. तिथे आरसीएक्समध्ये त्या क्षणी कोणी बसलं नव्हतं, म्हणून चालत होतं. कोणी एखादं व्हेरिएबल वाढवलं असतं किंवा कंपायलरची आवृत्ती बदलली असती की झालं. दुरुस्ती चार महिन्यांनी गेली. त्या चार महिन्यांना "रिस्क नको" म्हणतात!

आता कोणी म्हणेल, म्हणजे काय कंपायलरमध्ये बग नसतातच? असतात की, भरपूर असतात. २०११ साली उटाह विद्यापीठातल्या मंडळींनी सीस्मिथ नावाचं साधन वापरून, आपोआप तयार केलेले सी प्रोग्रॅम कंपायलरांच्या गळ्यात मारले आणि ३२५ हून जास्त नवे बग शोधल्याचं प्रसिद्ध केलं. जुलै २०१४ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्सने जीसीसी ४.९.० ला यथेच्छ धुतलं होतं, आणि तिथे तो बरोबर होता. कर्नलच्या लोड बॅलन्सिंगच्या फंक्शनमध्ये कंपायलरने स्टॅकवरची जागा ताब्यात घ्यायच्या आधीच तिथे किंमत लिहिली होती. मधल्या वेळात इंटरप्ट आला तर ती गेलीच. कर्नल रेड झोनशिवाय कंपाइल होतो, म्हणजे स्टॅकच्या खाली लिहायला सक्त मनाई असताना. हा खरा बग. पण तो सिद्ध कसा झाला ते बघा. तयार झालेली असेंब्ली वाचून, नेमक्या कुठल्या दोन इन्स्ट्रक्शन उलट्या क्रमाने आल्या त्यावर बोट ठेवून. "ओ-टू काढलं की चालतं" हा पुरावा नाही. ते फक्त लक्षण आहे, आणि ते दोन्ही रोगांत सारखंच दिसतं.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे आणि मला अर्धा मान्य आहे. जीसीसीची ही पद्धतच किचकट आहे, माणसाकडून एवढी अपेक्षा का? आउटपुट सगळे इनपुट वाचून व्हायच्या आधी लिहिलं जात असेल तर एक अँपरसँड टाकायचा. विसरलात तर इनपुट आणि आउटपुट एकाच रजिस्टरमध्ये बसवायची कंपायलरला मुभा. खरंच भयानक आहे. मायक्रोसॉफ्टने ३२ बिटी काळात वेगळा रस्ता धरला होता. त्यांचा कंपायलर असेंब्लीचा तुकडा स्वतः वाचायचा आणि कुठली रजिस्टर्स वापरली ते ओळखायचा. ६४ बिटी एक्स८६ ला मात्र त्यांनी इनलाइन असेंब्लीच बंद केली, इंट्रिन्सिक्स वापरा म्हणाले. रस्टने फेब्रुवारी २०२२ मध्ये १.५९ आवृत्तीत इनलाइन असेंब्ली पक्की केली, आणि तिथे मूळ गृहीतच उलटं ठेवलं. तुम्ही काही बोलला नाहीत तर मेमरी आणि फ्लॅग्स बिघडले असंच धरलं जातं. बिघडत नसतील तर तसं लिहून द्या. गप्प बसणाऱ्याचा कोड थोडा हळू होतो, चुकीचा होत नाही. हे शहाणपण जीसीसीच्या मूळ रचनेत असायला हवं होतं, हे मान्य. पण रजिस्टर्सची यादी रस्टमध्येही तुम्हालाच द्यावी लागते. तिथे सुटका नाही. आणि खुद्द जीसीसीच्या विकीवर "इनलाइन असेंब्ली वापरू नका" अशाच नावाचं पान आहे, ते वाचायला कोणी अडवलं होतं?

हां, जावावाले. तुमच्या हॉटस्पॉटमधला जिट कंपायलर हेच करतो, फक्त त्याच्या वहीत एक रकाना जास्त. कोड चालताना ठराविक ठिकाणी तो नोंद ठेवतो की आत्ता कुठल्या रजिस्टरमध्ये आणि स्टॅकच्या कुठल्या जागी ऑब्जेक्टचा पत्ता आहे. त्याला ऊपमॅप म्हणतात. गार्बेज कलेक्टर ऑब्जेक्ट हलवतो तेव्हा ही नोंद बघून पत्ते बदलतो. एक रजिस्टर नोंदवायचं राहिलं तर तुमचा प्रोग्रॅम जुन्या घरी जाऊन बेल वाजवत बसेल. तुम्हाला हे कधी दिसत नाही कारण तिथे कोणी मध्ये हात घालत नाही. शांतपणे जगताय, जगा.

आणि ज्यांच्या प्रोजेक्टमध्ये "डू नॉट एनेबल ऑप्टिमायझेशन" अशी कॉमेंट मेकफाइलमध्ये आहे त्यांनी सोमवारी एवढं करा. इनलाइन असेंब्लीचे सगळे तुकडे ग्रेप करून काढा. सहसा पाच-दहाच असतात. इन्स्ट्रक्शनगणिक मॅन्युअल उघडा आणि ती काय काय छुपेपणाने लिहिते ते क्लॉबर लिस्टशी ताडून बघा. सिसकॉल असेल तर आरसीएक्स आणि आर११. सीपीयूआयडी असेल तर ए, बी, सी, डी चारही. (बी विशेष बघा. जुन्या ३२ बिटी पोझिशन-इंडिपेंडंट कोडमध्ये ते रजिस्टर राखीव असायचं. २०१५ च्या जीसीसी ५ ने ते मोकळं केलं, त्याआधीचे त्याला चुकवायचे द्राविडी प्राणायाम अजून कित्येक हेडरमध्ये पडून आहेत.) चॅटबॉटने लिहून दिलेला तुकडा असेल तर दोनदा बघा, तो रिकामी यादीही मोठ्या आत्मविश्वासाने देऊ शकतो. मग ओ-टू लावून ऑब्जेक्ट फाइल डिसअसेंबल करा आणि त्या तुकड्याच्या आधीच्या वीस आणि नंतरच्या वीस ओळी वाचा. एवढं करूनही कंपायलरच चुकलेला निघाला, तर जीसीसीच्या बगझिलात रीतसर तक्रार टाका, छोट्यात छोटा नमुना जोडून. आणि मला लिंक पाठवा, चहा माझ्याकडून.